तोडताना अर्धी, पळताना अख्खी

बजरंगला सोडवून आणलं तर कडूबाईच्या पदरात नेमकं काय पडणार, याचा हिशेब वाडीनं तिच्याआधीच करून ठेवला होता. खर्चाच्या बाजूला दोन वेळच्या सात भाकरी, दिवसातून पाच चहा, आठवड्याची एक दाढी, आणि बायकोपुढं न निघणारा सगळा आवाज आईवर. जमेला म्हटलं तर दणकट मान, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून पळत चढणारे पाय, आणि यंदाच लागलेली मुकादम ही पदवी. पदवी लागली म्हणून त्यानं दसऱ्याला पाथर्डीतून पांढरी पँट शिवून आणली होती. पहिल्याच हंगामात मुकादम डांबला गेला. पँटीचे पैसे फुकट गेले, असं म्हणणारे वाडीत निम्मे होते. उरलेले निम्मे ऊस तोडायला गेले होते, नाहीतर त्यांनीही तेच म्हटलं असतं.

फोन आला तो गाडीमालकाचाच. काकासाहेब. प्रवरेकाठचा, संगमनेरच्या अलीकडचा. त्याच्या दोन ट्रॅक्टरवर बजरंगची टोळी होती.

"मावशी, घाबरू नका. तुमचा बजरंग माझ्याकडं पाहुणा आहे."

"पाहुना? त्यो तर तुमच्याकडं कामाला हाय."

"होता. आता पाहुणा आहे. त्याच्या टोळीतले तीन कोयते पळाले रात्रीतून. त्यांच्या उचलीचं काय ते बघा, अन् पाहुणा घेऊन जा."

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. उसाच्या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पैसे मोजायचे तर जोडीवर, माणसावर नाही. एका कोयत्याला लाखाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली, त्यातली तीस हजारांची फेड कामातून झालेली. राहिले सत्तर. सत्तर त्रिक दोन लाख दहा हजार.

कडूबाई शाळेत गेलेली नव्हती, पण तिला मोजल्याशिवाय राहवत नसे. एसटीत बसली की ती विजेचे खांब मोजायची, लग्नात गेली की पंगती. नवरा जाऊन सोळा वर्षं झाली. त्यातली चौदा वर्षं तिनं एकटीनं ऊस तोडला. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. अर्धी उचल, अर्धी खर्ची. मोळी मात्र अख्खी. कंबर गेली तेव्हा ती वाडीत राहून शेळ्या सांभाळायला लागली.

त्या शेळ्या आता विकल्या. चार शेळ्या आणि एक बोकड, एकतीस हजार. बचत गटातून पंधरा. राहिलेल्यासाठी ती सुनेच्या माहेरी गेली. पंकजाचा बाप भागवत ओट्यावर बिडी ओढत बसला होता.

"मी जावई केला तवाच म्हनलं हुतं," भागवत म्हणाला, "त्याला पँट नका घालू देऊ. मानूस धोतरात असला की इतकी उडी मारत न्हाई."

"द्यायचं का न्हाई तेवढं सांगा, ईवाई. टोमने मला घरी बी मिळत्यात."

भागवतनं बारा हजार दिले, आणि टोमणेही दिले. झाले अठ्ठावन्न. पोलिसांत जा, असं कुणीतरी म्हणालं. पण पोलिसांत गेलेल्याला पुढच्या साली कुणी उचल देत नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि ऐकणारीलाही. मग तो विषय चहाबरोबर संपला.

मुलगा हवा होता, हे तर झालंच. पण एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना कडूबाईच्या मनात आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. माणूस बांधून ठेवणाऱ्याचं घर आतून दिसतं कसं, ते तिला बघायचं होतं.

*

घर चांगलं होतं. पुढं तुळस, बाजूला ट्रॅक्टरची शेड, मागं गोठा. कडूबाईनं शिरता शिरता मोजून घेतलं. दोन ट्रॅक्टर, त्यातला एक चाक काढलेला. गोठ्यात पाच खुंट, चार जर्सी गाया आणि एक बांडी कालवड. कालवड गाभण, सहा-सात महिन्यांची. अंगावर काळ्या-पांढऱ्या चट्ट्यांचा नकाशा, आणि एक शिंग जरा आत वळलेलं.

शेडला कुलूप नव्हतं. दारसुद्धा नव्हतं. आत खताच्या गोण्यांवर बजरंग बसला होता, आणि त्याच्या कमरेला एक विटकी लुंगी होती. लुंगी मागं टीचभर फाटलेली. म्हणून तो आईला बघून उठला नाही.

"बांदलं न्हाई व्हय रं तुला?"

"न्हाई."

"मग हितं काय अंडी उबवतो का? चल की."

बजरंगनं खाली बघितलं. "पँट न्हाई, आय."

पहिल्या रात्री काकासाहेबानं त्याचा मोबाईल, आधार कार्ड आणि चपला घेतल्या, आणि पँट 'धुवायला' म्हणून नेली. अकरा दिवस झाले, पँट धुवून आली नव्हती. लुंगी छगनची, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या ड्रायव्हरची. बसस्टँड चार किलोमीटर. वाटेत दूध केंद्र, शाळा, पारावरची माणसं. मुकादमानं अनवाणी, फाटक्या लुंगीत तिथून जायचं कसं? साखळदंडाला लोखंड लागतं. काकासाहेबानं ते काम एका शिंप्याच्या मालावर भागवलं होतं.

"रात्रीचं जायाचं."

"रातच्याला छगन खाट टाकतो आडवी. अन् पळून गेलो तर टोळी कुनाच्या नावावर हाय? पंकी कोपीत हाय, ती? जाब तिलाच इचारतील."

हे खरं होतं. तेवढ्यात घरातून एक बाई ताट घेऊन आली. चाळिशीची, पदर खोचलेला, हाताला शेणाचा वास. दोन भाकरी, पिठलं, कांदा. ताट तिनं जमिनीवर ठेवलं नाही, गोणीवर ठेवलं. कडूबाईनं तेही मोजलं.

"तुम्ही त्याच्या आई का?" बाई म्हणाली. "तुम्हालाही आणते."

ती काकासाहेबाची बायको, दमयंती.

*

काकासाहेब बोलायला गोड होता. डायरी मांडीवर, चष्मा नाकावर.

"मावशी, आम्ही कुणाला कोंडत नाही. आमच्यात वारकऱ्याची माळ आहे." त्यानं गळ्यातली दाखवली. "पण माझेही पैसे अडकलेत. मी बँकेकडून घेतो, तुम्ही माझ्याकडून घेता. पळणारा पळतो, मधे कोण मरतं?"

"मधी तर माझं पोर हाय."

"तेच म्हणतो. तीन कोयते. रंगनाथ, लंकाबाई, कानिफनाथ. दोन दहा."

कडूबाईनं अठ्ठावन्न हजार पुढं ठेवले. त्यानं मोजले. एकदा बोटांनी, एकदा अंगठ्यानं. मग डायरीत लिहून तिला म्हणाला, "पुढच्या रविवारपर्यंत बाकीचे आणा. नाहीतर सीमेपलीकडं माझ्या ओळखीचा एक गुऱ्हाळवाला आहे. तो म्हणतो, पाहुणा मला द्या, पैसे मी देतो, वसूल मी करीन. दोन वर्षं लागतील त्याला. तिथं मराठी कुणाला येत नाही, एवढीच गैरसोय."

हे तो इतक्या सहज म्हणाला, की जणू बैल साटंलोट्यानं द्यायचाय. कडूबाई एवढंच म्हणाली, "मग रविवारपस्तोर मी काय करू? बसून खाऊ का?"

"फडात जा. सून एकटीच आहे. अर्धा कोयता चालतो मला."

*

पंकजा कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या खोपटाच्या, दारात चूल फुंकत होती. सासूला बघून तिनं काठवटीत आणखी दोन मुठी पीठ टाकलं आणि विचारलं, "शेळ्या इकल्या?"

"इकल्या."

"काळी बी?"

"काळी बी."

पंकजानं नाक ओढलं. धुरानं ओढलं की कशानं, ते तिनं सांगितलं नाही.

पहाटे साडेचारला दोघी फडात. माघाची थंडी, पाटाला रात्री पाणी सोडलेलं, चिखल घोट्याएवढा आणि बर्फासारखा. ऊस वाऱ्यानं लोळलेला. लोळलेला ऊस तोडायचा म्हणजे आधी त्याला उचलून विचारावं लागतं, बाबा, तुझं बूड कुठं. कोयता बुडाशी लावायचा, झटका द्यायचा, पाचट सोलायचं, वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, छाटायचं. कडूबाईचा हात दोन वर्षांनी कोयत्यावर पडला होता. पहिल्या तासात फोड आला, दुसऱ्या तासात फुटला. पाचटाची धार मनगटावर रेघा ओढत होती. कंबर म्हणाली, मी येत नाही. कडूबाई म्हणाली, तुला कुनी इचारलंय?

पंकजा तोडायची, सासू सोलायची. मोळ्या बांधायला वाढ्याचा पीळ कडूबाई असा घालायची की शेजारच्या जोडीतला माणूस बघत राहिला.

"मावशी, अजून हात हाय तुमचा."

"हात हाय रं. बाकीचं कुठं कुठं गेलं ते हुडकतीय."

मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं काम पंकजा करायची. पाचव्या मोळीला फळी घसरली. पंकजा गुडघ्यावर आली, मोळी मात्र तिनं सोडली नाही. छगन ट्रॅक्टरवरून उतरला आणि त्यानं फळी पायानं दाबून धरली. सगळी ट्रॉली भरेपर्यंत धरली.

संध्याकाळी कडूबाई वाढ्याचा एक भारा काकासाहेबाच्या गोठ्यात नेऊन टाकायची. एक म्हणजे तेवढ्या निमित्तानं पोरगा दिसायचा. दुसरं म्हणजे घर. बांधून ठेवणाऱ्याचं घर तिला अजून उमगलं नव्हतं. तिथं हरिपाठ चालायचा, आजारी शेजाऱ्याला डबा जायचा, कुत्र्याला दूध मिळायचं. आणि शेडमध्ये माणूस लुंगीत बसलेला असायचा. हे सगळं एका उंबऱ्यात मावतं कसं?

दमयंती धार काढता काढता बोलायची. गाया तिच्या, दुधाचा पगार तिच्या खात्यावर. कालवड तिला माहेरहून वासरू म्हणून मिळालेली.

"मालक येत न्हाईत व्हय गोठ्यात?"

"त्यांना शेणाचा वास सोसत नाही. डिझेलचा चालतो." दमयंतीनं चरवी सरकवली. "गाया किती आहेत विचारा, वर बघून सांगतील, असतील की चार-पाच."

बांडी कालवड कडूबाईच्या हातातलं वाढं ओढून खायची. कडूबाईनं तिचं वळलेलं शिंग खाजवलं. शेळ्या विकल्यापासून तिच्या हाताला खाजवायला काही नव्हतं.

*

बुधवारी बाजार. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी टोळीला खर्ची वाटतात, म्हणजे तेल-मिठापुरते पैसे. काकासाहेब ओसरीवर डायरी घेऊन बसला. शेजारी दत्तोपंत होते. सोसायटीतून निवृत्त झालेले कारकून, दूध केंद्राचं वहीखातं बघायचे. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ लिंबासारखी. एकेक जोडी पुढं येत होती, हजार-हजार घेऊन जात होती. दमयंती दारात तांदूळ निवडत होती. छगन खांबाला टेकून उभा होता. शेडमधून बजरंगची मान दिसत होती, कमरेपासून वरचीच.

पंकजा पुढं गेली. काकासाहेबानं पाचशेची एक नोट दिली.

"सासूचे?"

"तुम्ही दोघी मिळून एक कोयता. तुझा अर्धा, तिचा अर्धा. हे घे तिचे पाचशे."

कडूबाईनं नोट घेतली. घेतली आणि तिथंच थांबली. मागची जोडी म्हणाली, सरका की मावशी. ती सरकली नाही. तिच्या ओठांवर आकडे फिरत होते.

"मालक, लंकाबाई तुमच्याकडं कितीची खर्ची घ्यायची?"

"लंका? पाचशे. एकटी बाई ती."

"अन् कानिफनाथ?"

"पाचशेच. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी राहिली ना यंदा."

"म्हंजी अर्धा कोयता."

"अर्धाच. मग?"

"उचल?"

काकासाहेबानं चष्मा सारखा केला. दत्तोपंतांनी डायरीत मान घातली आणि, कुणी विचारलं नव्हतं तरी, वाचून दाखवलं, "लंकाबाई, पन्नास. कानिफनाथ, पन्नास."

"मग मालक," कडूबाई ओसरीच्या पायरीवर चढली, "लंका तोडताना अर्धी, अन् पळताना अख्खी व्हय?"

पहिल्यांदा छगन हसला. मग रांगेतली सगळी टोळी हसली. दमयंतीनं तांदळाचं सूप तोंडापुढं धरलं, पण सूप हलत होतं.

"आमी चौदा साल अर्ध्या भावानं तोडलं," कडूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट ती अगदी माहिती घ्यावी तसं विचारत होती. "मला कुनी कवा अख्खी म्हनलं न्हाई. आज कळलं, अख्खं व्हायाला पळून जावं लागतंय. आधी कळलं असतं तर मी बी गेले असते की!"

काकासाहेबाचे कान लाल झाले. त्याला पैशापेक्षा हसणं लागलं. "चुकून झालं असेल," तो म्हणाला. "तीन नावं, म्हणून तीन धरले."

"एक अख्खा अन् दोन अर्धे, म्हंजी दोन. दोन सत्तरी एकशेचाळीस."

"बरं, एक चाळीस."

"अन् बजरंगचं मुकादमीचं कमिशन? दिवाळीपासून सात कोयत्यांनी तोडलंय."

"ते हंगाम संपल्यावर."

"पाहुन्याला हंगाम अस्तो व्हय?"

दत्तोपंतांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा घातलं. "चाळीस होतं, काकासाहेब. मी सकाळीच बेरीज केली होती. तुम्ही विचारलं नाही."

असं करत लाखावर तुटलं. अठ्ठावन्न आलेले, बेचाळीस राहिले. काकासाहेबानं डायरी मिटली आणि उठता उठता बजावलं, "पण रविवार म्हणजे रविवार. गुऱ्हाळवाल्याची गाडी यायची आहे. बेचाळीसमधे एक रुपया कमी असला तरी चालणार नाही. आता अर्धं-बिर्धं काही नाही."

*

शब्दानं एक लाख दहा हजार खाली आले होते. पण बेचाळीस हजार शब्दानं येत नाहीत. कडूबाईनं भागवतला फोन लावला. भागवत म्हणाला, पँट विका. बचत गटाच्या बाईनं फोन उचलला नाही. पंकजानं गळ्यातलं डोरलं काढून दाखवलं. फुंकर मारली तर उडेल एवढं सोनं. शेजारच्या कोप्यांतून जोड्यांनी मिळून बाराशे रुपये गोळा करून दिले. कडूबाईनं ते परत केले. बाराशेनं पोरगा सुटणार नव्हता, आणि त्यांची मीठ-मिरची मात्र गेली असती.

गुरुवारी, शुक्रवारी तिनं ऊस तोडला तो रागानं तोडला. पंकजा म्हणाली, "आत्या, दमानं. उसानं काय केलंय?" शुक्रवारी रात्री ती गोठ्याकडे गेलीच नाही. पाय उचलत नव्हते.

शनिवारी दुपारी छगन फडात आला. "मावशी, मालकानं बोलावलंय. दोघींना."

ओसरीवर दत्तोपंत बसले होते, समोर पाकीट. काकासाहेब नोटा मोजत होता. एकदा बोटांनी, एकदा अंगठ्यानं, आणि मग तिसऱ्यांदा, जे तो कधी करत नसे.

"मावशी, तुम्ही बेचाळीस पाठवले पंतांच्या हाती?"

"मी? माझ्याकडं पाचशे हायेत. तुमीच दिलेलं."

"मग कुणी?"

दत्तोपंत म्हणाले, "देणाऱ्यानं नाव सांगू नको म्हटलंय. माझं काम पोचवायचं. नोटा खोट्या आहेत का? नाहीत. मोजल्या का? तीनदा. मग पावती लिहा."

"कुणाच्या नावानं लिहू?"

"पाहुण्याच्या नावानं. एक लाख रोख मिळाले, बाकी काही नाही. खाली सही. अन् जरा मोठी करा, मावशींना लांबून वाचता येत नाही."

"मला जवळनं बी येत न्हाई," कडूबाई म्हणाली.

काकासाहेबानं सही केली, पण त्याचं मन सहीत नव्हतं. पैसे मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला खाज सुटल्यासारखं झालं होतं. गावात असा कोण आहे, ज्याच्याजवळ बेचाळीस हजार आहेत आणि अक्कल नाही? त्यानं सरपंचावर संशय घेतला, मग दूध केंद्राच्या चेअरमनवर. निवडणूक जवळ आली होती ना! मग छगनकडे बघितलं आणि तो संशय स्वतःच हसून सोडून दिला.

कडूबाईला तर त्याहून जास्त खाज. कोपीत दोघी सासू-सुना नावं घेत बसल्या. पंकजा म्हणाली, लंकाबाईनं पाठवले असतील, तिला वाईट वाटलं असंल. कडूबाई म्हणाली, लंकाला वाईट वाटलं तर ती रडंल, पैसे पाठवायची न्हाई, मी तिला तीस साल वळखते. रंगनाथ? त्यानं दुसऱ्या मुकादमाची जास्तीची उचल घेतली म्हणून तर पळाला. दत्तोपंत? म्हातारा टपरीवर निम्मा चहा पिऊन निम्म्याचेच पैसे देणारा. प्रत्येक नावापुढं कडूबाई एकच गोष्ट लावून बघत होती, याला यात काय मिळणार? आणि प्रत्येक नाव गळून पडत होतं.

*

रविवारी सकाळी बजरंगची पँट आली. धुतलेली, इस्त्री केलेली, तिसऱ्या गुंडीला नवा दोरा. शेडच्या मागं जाऊन त्यानं घातली आणि बाहेर आला तो पुन्हा मुकादम होऊनच. अडीच-तीन आठवड्यांत कंबर उतरली होती, पँट ढिली पडत होती, पण त्यानं एका हातानं ती अशी धरली की जणू खिशात काही आहे.

सुटून तो कुठं गेला? दोनशे पावलांवर, कोपीत. सात कोयत्यांची उचल अजून त्याच्या नावावर होती. कारखाना बंद होईपर्यंत त्याला त्याच काकासाहेबाचा ऊस तोडायचा होता. फरक एवढाच की आता तो पाहुणा नव्हता, आणि गुऱ्हाळवाल्याची गाडी रिकामी जाणार होती.

"आय, मी त्याला रोज समजावत हुतो," बजरंग म्हणाला. "शेवटी नरमला."

"व्हय बाबा. तुज्या लुंगीलाच भ्याला असंल."

कडूबाई निरोप घ्यायला गोठ्यात गेली. सवयीनं मोजलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्या खुंटाला नुसतं दावं. दाव्याची गाठ सोडलेली, तुटलेली नाही. खाली वाढ्याचे दोन तुकडे पडलेले.

ती त्या खुंटाजवळ उभी राहिली. मागं चरवी वाजली.

"बाई," कडूबाईनं वळून न बघता विचारलं, "बांडी कुठं गेली?"

दमयंतीनं धार थांबवली नाही. दोन-चार पिळा तशाच गेल्या.

"पाहुण्यासंगं गेली."

"कवा?"

"शुक्रवारी. हे संगमनेरला टायर आणायला गेले तेव्हा. पंतांनी गिऱ्हाईक बघितलं. छगनला विचाराल तर तो म्हणेल, मी झोपलो होतो. झोपेतच फळी लावली त्यानं टेम्पोला."

"मालकाला कळलं तर?"

"म्हणीन, भावाकडं पाठवली व्यायला. खुंट मोजायला त्यांनी इकडं यायला हवं ना."

कडूबाई गाईच्या पाठीवर हात ठेवून खाली बसली. आठ दिवसांची कंबर एकदम बोलायला लागली. "पर का? तुमचा काय संबंध?"

"हेच म्हणाले ते. पहिल्या रात्रीच म्हटलं मी, सोडा त्याला. म्हणाले, तुझा काय संबंध." दमयंतीनं चरवी उचलून बाजूला ठेवली. "मग घेतला विकत."

कडूबाईला ते उत्तर पुरलं नाही. सोळा वर्षांत तिनं कुणाचं गाभण जनावर फुकट गेलेलं बघितलं नव्हतं.

"आज संध्याकाळी यामिनीला बघायला माणसं यायचीत," दमयंती म्हणाली. "माझी मुलगी, हॉस्टेलवरून आलीय रात्री. खरे पाहुणे यायचे, अन् शेडात हा पाहुणा. कुठं झाकू?"

हे उत्तर बरं होतं. यात मिळकत दिसत होती. कडूबाईनं मान हलवली. पण दमयंती अजून हात पुसत होती, पुसलेलेच पुन्हा पुसत होती.

"पहिल्या दिवशी जेवल्यावर त्यानं ताट धुतलं. पाठ माझ्याकडं होऊ न देता, आडवा आडवा, खेकड्यासारखा. मी म्हटलं, राहू दे. म्हणाला, नको वहिनी, सवय मोडली तर बायको घरात घ्यायची न्हाई. मी हसले." तिनं चरवीवर फडकं टाकलं. "रात्री झोप येईना. आपण माणूस डांबलाय, आणि त्याच्याच गमतीला हसतोय. रोज दोन वेळा ताट न्यायचं आणि रोज वाटायचं, आज हा काही गमतीचं बोलू नये."

कडूबाईनं पदराची गाठ सोडली. आत पाचशेची एक नोट होती. तिनं ती खुंटाच्या मोकळ्या दाव्याखाली ठेवली.

"हे काय?"

"बांडीचं पहिलं. बाकीचं देईन. किती साल लागत्याल ते इचारू नका."

"मी मागितलं का?"

"न्हाई. म्हनून तर देते. मागितलं अस्तं तर घासाघीस केली अस्ती."

दमयंतीनं नोट उचलली नाही, आणि परतही केली नाही. "कुणाला बोलू नका," ती म्हणाली.

मोजल्याशिवाय आणि मोजलेलं सांगितल्याशिवाय जिला राहवत नाही, अशा बाईवर ही मोठीच शिक्षा होती. पण कडूबाईनं तुळशीच्या दिशेनं हात जोडले.

फाटकात काकासाहेब उभा होता, अंगण झाडून घेत. बघायला येणाऱ्यांसाठी त्यानं नवा सदरा घातला होता. "मावशी, खरं सांगा. कुणी भरले? तुम्हाला माहीत आहे."

"तुमच्या घरचंच असंल कुनीतरी," कडूबाई म्हणाली.

काकासाहेब पोट धरून हसला. "तुमचं तोंड म्हणजे! जा, सांभाळून जा."

*

पंकजा एसटीपर्यंत पोचवायला आली. गाडी हलली तसे कडूबाईनं खांब मोजायला घेतले, पण मधेच तिचा हिशेब दुसरीकडे गेला. पावती चोळीत होती, ती वाचता येत नव्हती, म्हणून तिनं तोंडी केला.

भागवतनं बारा हजार दिले, पण बारा दिल्याचं तो बारा गावांत सांगणार, म्हणजे सहाच दिले. बचत गटाचे पंधरा फेडायचे होते, म्हणजे गटानं ते दिलेलेच नव्हते. शेळ्या गेल्या, पण काळीचं करडू बजरंग येईल तेव्हा पुन्हा घेता येईल. पंकजाचा गुडघा, स्वतःची कंबर, आठ दिवस, अर्ध्या भावानं. लंका, कानिफनाथ, रंगनाथ यांनी काहीच दिलं नाही, आणि बजरंगनं पँटीची ढिली कंबर. काकासाहेबाच्या पेटीत लाख रुपये पडले. त्यातले बेचाळीस त्याच्याच गोठ्यातून चालत गेले आणि त्याच्याच ओसरीवर परत आले. पंतांच्या हातून आले म्हणून त्यानं ते तीनदा मोजले. दमयंतीचं माहेरचं जनावर गेलं, पण तिची झोप परत आली. तेव्हा तिचंही अर्धंच धरावं लागेल.

कडूबाईनं सगळी नावं पुन्हा एकदा लावून बघितली. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून विचारलं, काय मोजता मावशी? कडूबाई म्हणाली, खांब.

सगळ्यांनी अर्धं अर्धं दिलं होतं. अख्खी गेली ती बांडी. आणि पोटातलं वासरू कुणी मोजलंच नव्हतं.